पिकाचे औषध, माणसाचे विष
(जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवरच्या मेळाव्यांत आम्ही कापसाच्या भावावर बोललो, विजेच्या बिलावर बोललो, बोगस बियाण्यावर बोललो. ते बोलायलाच हवे होते. पण एका माणसाबद्दल आम्ही तोंड उघडले नाही. तो दर खरिपात आपल्या प्रत्येकाच्या वावरात असतो. पाठीवर पंप घेऊन पऱ्हाटीत तासामागून तास चालणारा हा माणूस.

आम्ही शेतकीची पदवी घेतली. कोणत्या किडीला कोणते औषध, एकरी किती मिली, सगळे पाठ केले. फवारणाऱ्याच्या कातडीतून किती आत जाते, हा प्रश्न आम्हाला परीक्षेत कधी आला नाही. पुढे गावोगाव सल्ले देत फिरलो, तेव्हा आम्हीही तो कुणाला विचारला नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्याने तो विचारला. त्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने एकट्या यवतमाळात २० हून जास्त माणसे गेली. शेकडो दवाखान्यात पडली. त्यात शेतकरी होते आणि मजूरही होते.

तेव्हा लगेच सांगितले गेले की मजुरांनी हातमोजे घातले नाहीत, तोंडाला फडके बांधले नाही. म्हणजे मेला त्याचाच गुन्हा! जरा हिशेब करू. बोंडअळीला बीटी दाद देईनाशी झाली म्हणून फवारण्या वाढल्या. पऱ्हाटी डोक्याएवढी आणि दाट, त्यामुळे फवारा अंगावरच येणार. बॅटरीचा पंप बारीक तुषार उडवतो आणि तो श्वासाबरोबर आत जातो. दोन-तीन औषधे एका बादलीत कालवलेली. वर विदर्भातली उन्हाची काहिली. अशात रबराचा अंगरखा घालून दहा-बारा पंप मारून दाखवा, असे आम्ही कोणत्याही साहेबाला सांगू. तासाभरात तो चक्कर येऊन पडेल. थंड देशातल्या माणसासाठी शिवलेला कपडा आमच्या अंगावर चालत नाही, तर दोष अंगाचा की कपड्याचा?

भावांनो, विष पोटात गेले तरच बाधते हा समज आधी डोक्यातून काढा. फवारणाऱ्याच्या शरीरात ते बहुतेक कातडीतून जाते. गळका पंप पाठीवर ठिबकतो, शर्ट ओला होतो, आणि तोच शर्ट संध्याकाळपर्यंत अंगावर राहतो. बुजलेले नोझल तोंडाने फुंकले की तिथूनही जाते. बादलीत कोपरापर्यंत हात घालून औषध कालवणारी बाई तर फवारा न मारताही विष घेते.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, ॲसिफेट ही एका घराण्यातली औषधे. ती आपल्या नसांचे काम बिघडवतात. घाम सुटतो, लाळ गळते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते, मळमळते, हातपाय फडफडतात, शेवटी श्वास अडतो. या घराण्यावर डॉक्टरकडे ॲट्रोपीनचे इंजेक्शन असते. पण सगळ्याच औषधांना उतारा नाही. पॅराक्वाट या तणनाशकाला तर नाहीच. म्हणून माणसाबरोबर डबा दवाखान्यात गेलाच पाहिजे. डबा नसेल तर डॉक्टर अंधारात चाचपडतो.

आता रस्त्यावर या. हेच डबे कारखान्यातून गोदामात, गोदामातून कृषी केंद्रात, तिथून टेम्पोने आपल्या गावात येतात. हमाल ते उघड्या पाठीवर वाहतो. डबा फुटला तर ड्रायव्हर फडक्याने पुसतो, आणि त्याच फडक्याने तोंडही पुसतो. धान्याच्या ट्रकची गोष्ट आणखी वाईट. पोत्यांत किडीसाठी सल्फासच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. ताडपत्री बांधलेल्या अशा मालावर क्लीनर रात्री झोपला तर सकाळी उठेलच असे नाही. या वायूला उतारा नाही.

कायदा नाही असे नाही. १९६८ चा कीटकनाशक कायदा आहे, १९७१ चे नियम आहेत. औषध धान्याला किंवा जनावरांच्या खाद्याला लागेल असे वाहू नये, असे त्यात लिहिले आहे. ते हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे मिळावेत, असेही लिहिले आहे. १९८९ च्या मोटार वाहन नियमांत धोक्याच्या मालाची लेखी माहिती ड्रायव्हरला देण्याचे बंधन आहे. पण नियम कागदावर आणि विष अंगावर, अशी आपली वाटणी आहे. २०१३ साली बिहारच्या सारण जिल्ह्यात मोनोक्रोटोफॉस शाळेच्या जेवणात गेले आणि २३ लेकरे मेली. त्याच्या ३६ टक्के द्रावणावर बंदीचा आदेश काढायला केंद्र सरकारला २०२३ साल उजाडले.

सरकारला आपण जाब विचारूच. पण आज एक कडू गोष्ट आपल्या घरातली सांगतो. पंप मजुराच्या पाठीवर कोण देते? आपण देतो. भाव मिळत नाही म्हणून आपण नाडलेले आहोत, हे खरे. पण नाडलेल्या माणसाने आपल्याहून नाडलेल्याच्या अंगावर ओझे टाकावे, ही कुठली रीत? गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना सातबारावाल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला २ लाख देते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही, तो मजूर त्यात बसत नाही. फवारणी त्याने करायची, आणि मेला तर त्याच्या बायकोने कुणाच्या दारात जायचे?

म्हणून या मेळाव्यात दोन मागण्यांचे ठराव घ्यावेत. पहिली, फवारणी करणारा मजूर, हमाल आणि गाडीवाला यांना अपघात योजनेत घ्या. दुसरी, खरिपात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ॲट्रोपीन आणि ते देणारा डॉक्टर हजर ठेवा.

आणि काही गोष्टी आपण आजपासून पाळायच्या. गळका पंप दुरुस्त केल्याशिवाय वावरात न्यायचा नाही. दुपारच्या उन्हात आणि वाऱ्याच्या तोंडावर फवारणी नाही. दुकानदाराने सांगितले म्हणून दोन औषधे एकत्र कालवायची नाहीत. लाल त्रिकोणाचा डबा शक्यतो घ्यायचाच नाही. तो सर्वांत जहाल विषाचा. काठीने कालवायचे, हाताने नाही. बांधावर साबण आणि पाण्याचा पिंप ठेवायचा. रिकामा डबा ठेचून, घर आणि विहिरीपासून दूर पुरायचा. त्यात तेल-पाणी भरायचे नाही. कुणाला गरगरले तर कपडे उतरवून अंग साबणाने धुवायचे, बेशुद्ध माणसाला दूध-लिंबू काही पाजायचे नाही, आणि डब्यासकट दवाखाना गाठायचा.

शेवटी एकच. आपण सगळे याला 'औषध' म्हणतो, आम्हीही सवयीने तेच म्हणतो. पण पंप ज्याच्या हातात द्याल, त्याला देताना तरी खरे नाव सांगा. भाऊ, हे विष आहे, जपून. एवढे म्हणायला पैसे लागत नाहीत.