शब्दाचा अर्थ वाक्यात शोधावा

इंग्रजी शब्द पाठ असणे आणि इंग्रजी समजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. ‘लॅप्स’ म्हणजे ‘चूक’, एवढेच पाठ केलेल्या पंचायत सदस्यापुढे पत्र येते : ३१ मार्चपर्यंत खर्च न झाल्यास अनुदान ‘लॅप्स’ होईल. अनुदानात काही चूक होईल, असे तो समजला तर मुदत टळेल आणि गावाचा निधी हातचा जाईल. वस्तुतः अर्थ त्या वाक्यातच आहे. मुदत दिली आहे, खर्चाची अट घातली आहे; अट न पाळल्यास अनुदान संपुष्टात येणार, हे उघड आहे.

‘सँक्शन’ची गतही तीच. कार्यालयीन टिपणीत तो शब्द ‘मंजुरी’ होय; आंतरराष्ट्रीय वृत्तात तोच ‘निर्बंध’ होतो. निवाडा शेजारचे शब्द करतात.

बंगालमध्ये अध्यापन केलेल्या मायकेल वेस्ट यांनी १९५३ साली सुमारे २,००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. तीत एकेका शब्दाचे निरनिराळे अर्थ, त्यांच्या वापराच्या प्रमाणासह, दिले आहेत.

म्हणून फळ्यावर सुटा शब्द न लिहिता संपूर्ण वाक्य लिहावे. विद्यार्थ्याला प्रथम अर्थाचा अंदाज करू द्यावा. मगच शब्दकोश उघडावा. कोश अनेक अर्थ देतो. त्यांतील नेमका कोणता, हे वाक्यच सांगते. वहीत शब्दाबरोबर ते वाक्यही उतरवून घ्यावे. वर्गात लागलेली ही सवय पुढे पंचायतीच्या कचेरीतही उपयोगी पडेल.