काजूच्या बागेतून आल्यावर आलेला ताप

मी धामापूरहून बोलतेय.

मागच्या काजूच्या हंगामात आमच्या गटातल्या एका ताईंना ताप भरला. मी म्हटलं, दवाखान्यात चला. त्या म्हणाल्या, "ताप काय, दोन दिसांत उतरतलो. काजी कोण येचतलो?" चौथ्या दिवशी त्यांना उठवेना, तेव्हा नेलं. नशिबाने साधा ताप निघाला. पण दरवेळी नशीब साथ देईलच असं नाही.

आपल्याच जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात २०१६ साली माकडतापाची साथ आली. पुढच्या वर्षी बांद्याकडे रुग्ण सापडले. हा आजार प्रथम १९५७ साली कर्नाटकात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेला. तो विषाणूमुळे होतो. नाव माकडताप असलं तरी माणसाला तो देते ती गोचीड. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पातेऱ्यात पसरतात. त्यांची पिल्लं तिळाहून लहान, चावलेलं कळतही नाही. डिसेंबर ते मे हा धोक्याचा काळ, आणि आपला काजूचा हंगामही तेव्हाच.

अचानक जोराचा ताप, डोकं फुटेल असं दुखणं, अंगदुखी, उलट्या ही लक्षणं. काहींच्या नाकातून, हिरड्यांतून रक्त येतं. ताप उतरून पुन्हा उलटूही शकतो.

विषाणू मारणारं खास औषध या आजाराला नाही. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूंवर नाही. म्हणून "एक सुई मारा" असा हट्ट धरू नका. दुखण्याच्या गोळ्याही मनाने घेऊ नका, काहींनी रक्तस्राव वाढतो. शरीरातलं पाणी टिकवणं, रक्तस्रावावर लक्ष ठेवणं हाच उपचार, आणि तो वेळेवर मिळाला तर बहुतेक रुग्ण बरे होतात.

बागेत जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. अंगाला लावायचं तेल आशाताईंकडे मागा. घरी येताच गरम पाण्याने आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात भिजवा. रानातला पातेरा गोठ्यात पसरू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता ग्रामपंचायतीला कळवा.

हा ताप एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. आजारी बाईला वाळीत टाकू नका, तिला पेज नेऊन द्या.

आणि दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. आपणच सांगा, "मी रानात गेले होते." या एका वाक्याने योग्य तपासणी लवकर होते.

एक दिवसाची मजुरी बुडाली तर गट सांभाळून घेईल. तुम्ही मात्र हव्यात.