तलवार धारदार, गोष्ट बोथट



तलवार उपसायची आणि समोर येईल त्याला कापत सुटायचं, अशा व्हिडिओ गेमला खेळणारी मंडळी 'हॅक अँड स्लॅश' म्हणतात. न खेळणाऱ्याला हा नुसता बटणं बडवण्याचा उद्योग वाटतो, आणि अशा बऱ्याच गेमच्या बाबतीत ते खरंही आहे. आज ज्या गेमबद्दल बोलणार आहे, तो 'ड्रॅगन्स डॉग्मा' याच जातकुळीतला, पण त्यात डोकं चालवावं लागतं. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो २०१२ साली आणला. दिग्दर्शक हिदेआकी इत्सुनो. 'डेव्हिल मे क्राय' मालिकेतले गाजलेले भाग याच माणसाचे, तेव्हा मारामारी रंगवण्यात त्यांचा हात चांगलाच बसलेला होता.

गोष्ट सुरू होते कासार्डिस नावाच्या कोळ्यांच्या गावात. आकाशातून एक अजस्र लाल ड्रॅगन उतरतो, तुमच्या पात्राची छाती फाडून काळीज काढतो आणि गिळतो. तरी तुम्ही मरत नाही. छातीवर व्रण घेऊन उठायचं आणि काळीज परत मिळवायला निघायचं.

या गेमचं खरं वैभव म्हणजे मोठ्या राक्षसांच्या अंगावर चढता येतं. कायमेरा नावाचा प्राणी घ्या. पुढे सिंह, पाठीवर बकरीचं मुंडकं, शेपटीच्या जागी जिवंत साप. साप विष टाकतो, बकरी मंत्र म्हणते, सिंह अंगावर झेपावतो. अशा वेळी समोरून वार करत बसणारा मार खातो. शहाणा खेळाडू मागून जाऊन आधी साप तोडतो, मग केस धरून पाठीवर चढतो आणि बकरीचा आवाज बंद करतो. चढताना दम संपत जातो. संपला की हात सुटतो आणि तुम्ही थेट त्याच्या पायाखाली. ग्रिफिन नावाचा पंखवाला राक्षस उडून जायला लागला, तर पंखांना आग लावून त्याला खाली आणायचा. प्रत्येक प्राण्याचं शरीर समजून घेतल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते समजलं की जी मजा येते ती नुसत्या जोरात बटणं दाबून येत नाही.

लढायचे प्रकारही एकूण नऊ. त्यातला मांत्रिक मला विशेष आवडतो. त्याचा मोठा मंत्र पुटपुटून संपेपर्यंत जीव टांगणीला लागतो. सोबत्यांनी तेवढा वेळ शत्रूला थोपवून धरलं, तर आकाशातून उल्का कोसळतात.

हे सोबती म्हणजे 'पॉन'. तिघे असतात. एक तुम्ही स्वतः घडवलेला, दोघे इतर खेळाडूंनी घडवलेले, उसने आणलेले. तुमचा पॉनही असाच दुसऱ्याच्या जगात जातो आणि तिथलं शिकून परत येतो. कल्पना झकास. पण ही मंडळी बोलतात फार! गॉब्लिन नावाचे छोटे राक्षस आगीला भितात, ही माहिती पहिल्यांदा उपयोगी पडते. दर वळणावर तीच ऐकली की आवाज बंद करावासा वाटतो.

वाटचालीचं काय? इथे माझं मत दोन्हीकडे आहे. एका जागेवरून दुसरीकडे चुटकीसरशी पोचवणारे दगड सुरुवातीच्या आवृत्तीत महाग होते, म्हणून चालावंच लागे. पाठीवर ओझं जास्त झालं की पात्र जड पडतं. रात्री खरोखरच मिट्ट काळोख होतो, कंदिलातलं तेल संपतं, पाण्यात उतरलात तर कंदील विझतो. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचायला हवं, ही धास्ती फार थोड्या गेमनी दिली आहे. मात्र त्याच रस्त्यावर, त्याच वळणावर, तेच गॉब्लिन रोज भेटायला लागले की धास्ती संपते आणि कंटाळा सुरू होतो. २०१३च्या 'डार्क अरायझन' आवृत्तीत न संपणारा दगड देऊन कंपनीने हा त्रास कमी केला.

खरी पडझड आहे ती गोष्टीत. राजधानीतली माणसं पुठ्ठ्याची वाटतात. त्यांना राग-लोभ असतो तो केवळ आकड्यात. शेवटी ड्रॅगन तुमच्या 'प्रिय व्यक्ती'ला ओलीस धरतो आणि सौदा पुढे करतो: तिचा बळी द्या आणि जिवंत परत जा. प्रसंग जबरदस्त. पण ही प्रिय व्यक्ती कोण, ते कोणाशी तुमचा व्यवहार किती झाला या हिशेबाने ठरतं. त्यामुळे जन्मभराच्या प्रेमाऐवजी ज्याच्याकडून तलवारी विकत घेतल्या तो दुकानदारच ड्रॅगनच्या पंजात दिसला, असं अनेकांचं झालं. अशा वेळी डोळ्यांत पाणी कुठून आणायचं? त्या मानाने ड्रॅगन स्वतः नीट लिहिलेला आहे. त्याचं बोलणं भारदस्त आहे, आणि तो नुसता दुष्ट नाही, हे उलगडत जातं.

मार्च २०२४ मध्ये दुसरा भाग आला, तोही इत्सुनोंचाच. लढाई आणखी देखणी झाली, पण गजबजलेल्या शहरात शिरलं की चांगले कॉम्प्युटरही धापा टाकत. त्यात प्रवास सोपा करणारी एक वस्तू कंपनीने वेगळे पैसे लावून विकायला ठेवली. आधी पायपीट हा खेळाचा भाग म्हणून मिरवायचा आणि मग सुटका गल्ल्यावर ठेवायची! खेळाडू चिडले, ते योग्यच होतं.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या भागाची 'डार्क अरायझन' आवृत्तीच घ्यावी, असं मी सुचवेन. गोष्टीसाठी नाही, कायमेरासाठी. आणि घरच्या लहान मुलांच्या हाती मात्र हा गेम देऊ नका. अमेरिकेतल्या वर्गीकरणात तो १७ वर्षं आणि त्यापुढच्यांसाठी आहे.