एकतर्फी निवाडा आणि उशिराची किंमत



समजा, जळगावच्या एमआयडीसीतला एक डाळमिलवाला कामगार न्यायालयाची नोटीस टेबलाच्या खणात टाकून देतो. तारखांमागून तारखा जातात. एकट्या कामगाराचा पुरावा होतो आणि ‘मागील पगारासह कामावर घ्या’ असा निवाडा लागतो. शेटजींना जाग येते ती तहसीलदाराची नोटीस आल्यावर. कारण औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये ही रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करण्याची सोय होती. मग अर्ज येतो: ‘आम्हाला काही कळलेच नाही, निवाडा रद्द करा.’

आता दुसरी बाजू. धुळ्याचा कामावरून काढलेला कामगार पोटासाठी सुरतेला, उधन्याच्या लूमवर जातो. तारखेला आला तर मजुरी बुडते. चार तारखा चुकतात आणि प्रकरण त्याच्या विरोधात निकाली निघते. म्हणजे गैरहजेरीचा फटका दोघांनाही बसतो. पण मालकाला वकील लावता येतो, कामगाराला गाडीभाड्याचाही विचार करावा लागतो.

असा एकतर्फी, म्हणजे एका बाजूच्या गैरहजेरीत झालेला, निवाडा रद्द होतो का? होतो. ग्रिंडलेज बँकेच्या खटल्यात 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पुरेशा कारणामुळे जो हजर राहू शकला नाही, त्याचे म्हणणे पुन्हा ऐकण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. ज्याला संधीच मिळाली नाही, त्याच्यावर निकाल लादणे नैसर्गिक न्यायात बसत नाही. पेच मुदतीचा होता. 1947 च्या कायद्याप्रमाणे निवाडा प्रसिद्ध झाल्यावर 30 दिवसांनी अमलात येत असे; त्यानंतर न्यायालयाचे हात बांधले जातात का, यावर निकाल एकमेकांशी जुळत नव्हते. 2018 मध्ये हरियाणा सूरज माल्टिंग खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा वाद मिटवला: 30 दिवस उलटले तरी, पुरेसे कारण असेल तर अर्ज ऐकता येतो.

याचा अर्थ केव्हाही यावे आणि निवाडा पुसून न्यावा, असा नाही. नोटीस खऱ्या पत्त्यावर गेली का, ती कोणी घेतली, निवाडा कळला केव्हा आणि कळल्यावर किती दिवस वाया घालवले, हे तपासलेच पाहिजे. बंद पडलेल्या युनिटच्या कुलपावर नोटीस डकवली असेल तर मालकाचे म्हणणे ऐकावे. त्याच्याच कारकुनाने सही करून नोटीस घेतली असेल, तर ‘कळले नाही’ हे उत्तर चालू नये.

आणि रद्द करायचाच असेल तर फुकट नको. खर्च कोणी, किती द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार 1947 च्या कायद्याने न्यायालयाला दिला होता. वर्षानुवर्षे तारखा केलेल्या माणसाला प्रकरण पुन्हा पहिल्यापासून लढायला लावायचे, तर त्याचा जाण्यायेण्याचा आणि बुडालेल्या मजुरीचा खर्च गैरहजर राहिलेल्याने भरावा, आणि पुढची सुनावणी ठरलेल्या मुदतीत संपावी.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. न्यायालयांची रचना बदलेल, कलमांचे आकडे बदलले आहेत. म्हणून अर्ज कुठे करायचा हे आधी वकिलाला किंवा युनियनला विचारा. कामगार बंधूंनो, गाव सोडताना नवा पत्ता आणि फोन नंबर लेखी कळवा, पोच घ्या. मालकांनो, नोटीस खणात टाकू नका. आणि निवाडा विरोधात गेल्याचे ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी नकलेसाठी अर्ज करा.