खाजण : परमेश्वरानें सोंपविलेली ठेव
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



आजच्या मंगल दिवशीं परमेश्वराचे उपकार आठवीत असतां त्यांपैकीं एका विसरलेल्या उपकाराचें स्मरण करून देणें आम्हांस अगत्याचें वाटतें. तो म्हणजे वसईच्या खाडीकांठचें आपलें खाजण. कित्येकांस तो निरुपयोगी चिखल वाटतो. आम्हांसही तसेंच वाटलें, म्हणून सभागृहाच्या दुरुस्तीचा राडारोडा आम्हीं निःशंकपणें तेथें टाकविला. आमची चूक वडीलधाऱ्या कोळी बांधवांनीं आम्हांस दाखविली.

भरतीचें पाणी दिवसांतून दोनदां खाजणांत शिरतें. तिवराचीं वर आलेलीं मुळें त्याचा वेग मोडतात व गाळ धरून ठेवतात. गळालेलीं पानें कुजून चिंबोऱ्यांस व कोळंबीच्या पिलांस अन्न होतें. येथेंच निवट्या उड्या मारतात. हिवाळ्यांत उत्तरेकडून आलेले तुतवार येथेंच चरतात. पाण्याची वाट बुजली कीं तिवर वाळतें, मासळीचीं पिलें आंत येत नाहींत, आणि कोळ्याचें जाळें रितें राहतें.

पावसाचें पाणीही हेंच खाजण पोटांत घेतें. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां पाण्याची वाट अडविल्याचें फळ मुंबईनें भोगलें.

शेजारच्या ठाण्याच्या खाडींत रोहित पक्ष्यांकरितां २०१५ सालीं अभयारण्य झालें. २०२२ सालीं तिला रामसर यादींत स्थान मिळालें. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग होय, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं दिला. परमगुरुस्वामी फ्रान्सिस यांनीं २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रांत पृथ्वीस सर्वांचें सामायिक घर म्हटलें.

कोणी म्हणेल, भराव न केल्यास आमच्या मुलांनीं घरें कोठें बांधावीं? प्रश्न खोटा नाहीं. परंतु जें घर शेजाऱ्याच्या अंगणांत पाणी लोटतें, त्यावर आशीर्वाद कोणत्या तोंडानें मागावा? परमेश्वरानें आदामास बाग दिली ती राखण्यासाठीं, बुजविण्यासाठीं नव्हे.

तो राडारोडा आम्हीं पुढें उचलविला. नाळ पुन्हा वाहूं लागली. पापनिवेदनानंतर प्रायश्चित्त हवेंच. तेव्हां आमची विनंती इतकीच कीं, ज्यांचें खाजण आहे त्यांनीं तें भरावास देऊं नये, आणि या महोत्सवाच्या मांडवाचा तुकडाही खाडींत जाऊं नये. पुढील महोत्सव साजरा करणाऱ्या आपल्या नातवंडांस हें खाजण जिवंत मिळो, अशी प्रभुचरणीं प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.