कंबर दुखली की लगेच एमआरआय?



भरलेली कळशी उचलली आणि कंबरेत उसण भरली.
लगेच एमआरआय काढायचा का?
बहुतेक वेळा, नाही.
आधी डॉक्टरांकडून नीट तपासून घ्या.

चाळिशीनंतर न दुखणाऱ्या कंबरेतही एमआरआयमध्ये मणक्यांची झीज दिसू शकते.
दुखण्याचं कारण तीच असेल, असं नाही.

आणि हो, अंथरूण धरू नका.
झेपेल तेवढं चालत राहा.
बहुतेकांचं दुखणं 6 आठवड्यांत बरंच कमी होतं.

मात्र पायातली ताकद गेली,
जांघेत बधिरपणा आला,
लघवी अडली,
ताप आला किंवा मोठा मार लागला,
तर लगेच रुग्णालय गाठा.

पुन्हा सांगते,
आधी डॉक्टरांची तपासणी, गरज असेल तरच एमआरआय.
‘या एमआरआयमुळे माझे उपचार बदलतील का?’
हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारा.