जाडीचा भूगोल
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला वजनावर बोलायला सांगितलंय. शाळेत मला 'ढोल्या' म्हणणारे पुढच्याच रांगेत बसलेत, आणि त्यांच्या शर्टांची ताणलेली बटणं मला इथून दिसताहेत!

भूगोलाच्या बाई आपल्याकडून गहू-तांदळाचे नकाशे रंगवून घ्यायच्या. तसा लठ्ठपणाचाही नकाशा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंजाबातल्या सुमारे ४१ टक्के स्त्रियांचं वजन जास्त भरलं, बिहारमध्ये १६ टक्के. महाराष्ट्र २३ वर, देशाच्या सरासरीच्या आसपास.

नोकरीची पहिली सहा वर्षं मी लुधियान्याकडे होतो. कारण मला सोपं वाटायचं : पराठे, लोणी, लस्सी. पण तमिळनाडूत कुठे पराठे-लोणी? तिथेही ४० टक्के. शिवाय पंजाबातल्या सासवांनी तेच तूप खाल्लेलं, आणि त्या सडपातळ. त्या हापशावरून पाणी आणायच्या, चारा कापायच्या. सुनांच्या घरी नळ आला, गोठ्यावर गडी आला, शेतात कंबाइन आलं. भातलावणीला जूनमध्ये बिहारचे मजूर. मालक बांधावर सावलीत, मजूर दिवसभर चिखलात वाकलेला. दोन्ही राज्यं एकाच शेतात दिसायची. आणि बिहारचा आकडा कमी आहे तो पथ्यामुळे नव्हे. त्याच पाहणीत तिथली दर चारातली एक स्त्री गरजेपेक्षा कमी वजनाची निघाली.

त्यातलाच एक मजूर पुढे होजियरीच्या कारखान्यात रखवालदार झाला. खुर्ची, रात्रपाळी, चहाबरोबर काहीतरी तळलेलं. पाच वर्षांत त्याचं पोट सुटलं. बिहारी रक्त तेच होतं की!

हे सगळं मला उशिरा कळलं. तोवर एका बाईंना मी भरल्या ओपीडीत "तोंडावर ताबा ठेवा" म्हणालो होतो. त्या दोन वर्षं फिरकल्याच नाहीत. आल्या तेव्हा मधुमेहानं पायाची जखम चिघळलेली. दोन बोटं काढावी लागली. 'ढोल्या' ऐकून मधल्या सुट्टीत वर्गातच बसून राहणारा मी, आणि मीच तसं बोललो.

आता मी आधी विचारतो, दिवस कसा जातो? पाणी कोण भरतं? संध्याकाळी चालायला रस्ता आहे का?

जेवणानंतर मंडपामागे टेप घेऊन बसतोय. पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या वर, बायकांची ८० च्या वर असेल तर साखर तपासून घ्या. ओरडणार नाही. पहिल्या रांगेतले आधी या.